सोमवार ते शुक्रवार

लातूर-नांदेडकडच्या गावांत रेडिएशनला अजून शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतात, आणि डॉक्टरांनी हे नाव काढलं की घरात पहिला प्रश्न येतो भाजण्याचा. बाई आतून जळेल का? केस जातील का? घरात लहान लेकरं आहेत, त्यांच्याजवळ झोपू द्यायचं की ताट-वाटी वेगळी करायची? माझ्या थोरल्या मावशीला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला, तेव्हा तिच्या ओसरीवर बसून मी हे सगळे प्रश्न ऐकले. विचारणारी माणसं अडाणी नव्हती, प्रेमाची होती. त्यांना कुणी नीट सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

मावशीचा प्रश्न मात्र निराळा होता. अहमदपूर तालुक्यातल्या तिच्या गावाहून आम्ही लातूरला गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "साहेब, किती दिस यावं लागल?"

डॉक्टर म्हणाले, "पाच आठवडे. सोमवार ते शुक्रवार, रोज. त्यानंतर आतून द्यायचे शेक वेगळे."

मावशी पदराच्या टोकाला गाठ मारत बसली. मग म्हणाली, "सोयाबीन काढायला आलंय. रास झाली की येते की."

त्या वेळी मला वाटलं, हिला अजून आजार कळला नाही. पुढे उपचार जवळून पाहिल्यावर पटलं, की मुद्द्यावर सगळ्यांत आधी बोट ठेवलं होतं ते तिनेच. या उपचारात मशीनचं काम काही मिनिटांचं असतं. उरलेलं सगळं काम म्हणजे त्या मशीनपर्यंत रोज पोचणं, आणि ते रुग्णाचं, घराचं, गावाचं आणि सरकारचं काम असतं.

आधी भीतीचं बोलते. बाहेरून दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. मशीन बंद झालं की किरण संपले. घरी आलेली बाई नातवाला मांडीवर घेऊ शकते, एका ताटात जेवू शकते, नवऱ्याशेजारी झोपू शकते. केस जातात ते किरण जिथे पडतात तिथलेच. ओटीपोटावर शेक घेणाऱ्या बाईच्या डोक्याचे केस शेकाने जात नाहीत. आणि शेक घेताना दुखत नाही. हे मी मावशीकडून पहिल्याच दिवशी ऐकलं. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "दुखलं का गं?" ती म्हणाली, "कुठं काय दुखायलंय! मशीन नुसती फिरायलीय भवताली. मला वाटलं आता सुरू हुईल, तर ते पोरगं म्हणलं, आजी, झालं, उठा."

पण त्या पहिल्या दिवसाआधी तयारीचे काही दिवस जातात आणि घरच्यांचा धीर तिथेच सुटू लागतो. 'आजार वाढायलाय आणि हे लोक नुसते फोटो काढायलेत,' असं मावसभाऊ चिडून म्हणाला होता. हे फोटो म्हणजे उपचाराचा पाया असतो. ज्या स्थितीत रोज झोपवायचं त्याच स्थितीत सीटी स्कॅन काढतात. अंगावर शाईच्या खुणा करतात किंवा सुईने बारीक ठिपके गोंदतात. मग डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ संगणकावर आराखडा आखतात: गाठीला किती मात्रा, मूत्राशयाला आणि आतड्याला जास्तीत जास्त किती. त्या खुणा घासून काढायच्या नसतात. मावशी रोज अंघोळीला बसताना त्यांवर तळहात ठेवायची.

तोंडाच्या आणि घशाच्या रुग्णांना मुखवटा करतात. प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात; ती थंड होताना चेहऱ्याचा आकार घेते, आणि रोज उपचाराच्या वेळी टेबलाला घट्ट बसवतात, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही. प्रतीक्षागृहात कंधारकडचे एक गृहस्थ भेटले. आयुष्यभर तंबाखू मळलेली, गालाचा कर्करोग. ते म्हणाले, पहिल्या दिवशी मुखवट्यात जीव गुदमरला, बाहेर पळून जावंसं वाटलं. मशीन चालवणाऱ्या मुलाने सांगितलं, "काका, मी काचेपलीकडे टीव्हीवर तुम्हाला बघतोय. हात वर करा, लगेच थांबवतो." त्यांनी हात वर केला नाही. पण हात वर करता येतो, हे कळल्यावर ते शांत झाले. कुठल्याही रुग्णाला हे आधीच सांगायला हवं. खोलीत तो एकटा असतो, भिंती जाड काँक्रीटच्या असतात, दार जड असतं; पण त्याला पाहणारं आणि त्याचं ऐकणारं कुणीतरी सतत बाहेर असतं.

मशीन दोन प्रकारची दिसतात. एक कोबाल्टचं, ज्यात किरणोत्सारी कोबाल्ट-६० असतो. त्याची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून स्रोत जुना होत जातो तशी तेवढ्याच मात्रेसाठी जास्त मिनिटं लागतात. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेलं भाभाट्रॉन हे याच जातीचं. दुसरं लिनॅक, जे विजेवर किरण तयार करतं. आपल्याला कोणतं आहे आणि ते आपल्या आजाराला पुरेसं आहे का, हे विचारायला लाजू नये.

आता त्या रोजच्या येण्याचं. एकदाच मोठा शेक देऊन का मोकळं करत नाहीत, असा मावसभावाचा प्रश्न होता. वैद्यकालाही तो शंभर वर्षांपूर्वी पडला होता. पॅरिसमध्ये क्लॉड रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. त्यात दिसलं, की एकदम मोठी मात्रा दिली तर कातडी खराब होते आणि हवं ते कामही पुरं होत नाही. तीच मात्रा अनेक दिवसांत वाटून दिली तर काम होतं आणि कातडी वाचते. त्यांचे सहकारी हेन्री कुतार यांनी १९२०च्या दशकात घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगावर ही रीत वापरून माणसं बरी करून दाखवली. निरोगी पेशी दोन शेकांमधल्या वेळात स्वतःची डागडुजी करतात, कर्करोगाच्या पेशींना ती तितकी जमत नाही. म्हणून रोज थोडं थोडं: नेहमीच्या पद्धतीत दिवसाला दोन ग्रेच्या (ग्रे हे मात्रेचं माप) आसपास, तोंड-घशाला सहा-सात आठवडे, स्तनाच्या कर्करोगाला आता बहुतेक ठिकाणी तीन आठवडे.

याच कारणासाठी खंड चालत नाही. खुरपण अर्ध्यात सोडलं की उरलेलं तण दुप्पट जोमाने उठतं, तसं उपचाराच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर वाचलेल्या कर्करोगाच्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात. तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार लांबला, तर वाढीव दर दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याच्या आसपास घटते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. गर्भाशयमुखाचा सगळा उपचार, आतला-बाहेरचा धरून, आठ आठवड्यांत उरकायचा असतो. सणाची सुट्टी आली किंवा मशीन बंद पडलं तर डॉक्टर तो दिवस शनिवारी भरून काढतात किंवा किमान सहा तासांचं अंतर ठेवून एका दिवशी दोनदा शेक देतात. घरच्या कारणाने बुडालेला दिवस मात्र त्यांना आधी कळवावा लागतो, तरच भरून काढता येतो.

मावशीला हे डॉक्टरांनी सांगितलं नाही असं नाही. पण तिला पटलं ते प्रतीक्षागृहातल्या एका बाईचं बोलणं ऐकून. त्या बाईने आदल्या वर्षी शेक अर्ध्यावर सोडले होते, कारण रक्तस्राव थांबला होता आणि तिला बरं वाटू लागलं होतं. आता ती पुन्हा आली होती. मावशीने त्या रात्री मुलाला फोन लावला आणि सांगितलं, रास माणसं लावून कर, मी येत नाही.

पहिले दोन आठवडे बरे जातात, आणि त्यानेच फसगत होते. त्रास तिसऱ्या आठवड्यात चढू लागतो. आधी थकवा. हा थकवा झोपून जात नाही, आणि घरच्यांना तो आळस वाटतो. मावशीला वेणी घालायलाही हात उचलवेना. मग जुलाब, लघवीला आग, पोटात कळा. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वरण यांवर जन्म काढलेल्या बाईला मऊ भात, ताक, केळं आणि मीठ-साखरेचं पाणी यांवर राहावं लागलं. ती म्हणायची, "तोंडाला चवच न्हाई, पर पोट ऐकत न्हाई." बाहेरच्या शेकांबरोबर आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाची सलाईन असायची, दर आठवड्याला रक्ताची तपासणी, आणि हिमोग्लोबिन खाली गेल्याने एकदा रक्तही चढवावं लागलं. आपल्याकडच्या बायका मुळातच रक्त कमी घेऊन दवाखान्यात पोचतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला: नुसत्या शेकाने पाच वर्षं आजाराशिवाय राहणाऱ्या सुमारे ४४ टक्के, शेकाबरोबर सिस्प्लॅटिन घेतलेल्या सुमारे ५२ टक्के. त्या सलाईनच्या दिवशी उलट्या काढणाऱ्या मावशीला मी हा आकडा सांगितला नाही, पण स्वतःला सांगत राहिले.

नवरात्र मधेच आलं. मावशी नऊ दिवसांचा उपवास धरते, माहूरच्या रेणुकेला तिचा शब्द आहे. डॉक्टरांनी उपवासाला स्पष्ट नाही म्हटलं. तिने लातूरच्या भाड्याच्या खोलीत घट बसवला, माळ चढवली आणि मऊ भात खाल्ला. मला ती त्या दिवशी फार मोठी वाटली.

कंधारच्या काकांचे हाल याहून वाईट होते. तोंड आतून सोललेलं, थुंकी चिकट, चव गेलेली, मानेची कातडी काळवंडून ओली झालेली. त्यांना शेक सुरू होण्याआधीच दातांच्या डॉक्टरकडे पाठवून किडलेले दात काढले होते, कारण किरण लागलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून येत नाही, कधी सडतं. मिठा-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, जबडा उघडण्याचा व्यायाम, आणि गिळवेना तेव्हा नाकातून नळी. नळी लावली की माणूस संपला, असं त्यांच्या मुलाला वाटलं. खरं तर नळीमुळे वजन टिकतं आणि वजन टिकलं तर शेक पुरे होतात. गावाकडून आलेल्या कुणी त्यांच्या मानेला हळद आणि खोबरेल लावायला सांगितलं होतं. हे लावू नये. तेल, हळद, भस्म, बाम, गरम पिशवी, घट्ट कॉलर, काहीच नको. कोमट पाणी, सैल सुती कपडा आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम, तेही त्यांनी सांगितलेल्या वेळीच.

आणखी एक गोष्ट आधी सांगितलेली बरी. शेवटचा शेक झाला की त्रास दुसऱ्या दिवशी थांबत नाही. तो पुढचे एक-दोन आठवडे वाढतोसुद्धा, आणि मग हळूहळू उतरतो. उपचार संपल्याचे पेढे वाटून झाल्यावर माणूस जास्त आजारी दिसू लागतं, तेव्हा घरात घबराट होते. ती होऊ नये.

आतून द्यायच्या शेकांबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, बायकाही एकमेकींना सांगत नाहीत, म्हणून मी लिहिते. भूल देऊन किंवा गुंगीचं औषध देऊन गर्भाशयात बारीक नळ्या बसवतात. मशीनमधून इरिडियमचा दाण्याएवढा स्रोत त्या नळ्यांतून आत जातो, काही मिनिटं थांबतो आणि परत येतो. नळ्या काढल्यावर शरीरात काही उरत नाही. असं एकापेक्षा जास्त वेळा करावं लागतं. मावशीला सगळ्यांत जास्त संकोच याचाच होता; बाहेरचे शेक झाले, आता बास, असं ती म्हणू लागली. गर्भाशयमुखाच्या आजारात हा भाग गाळला तर बरं होण्याची शक्यता खूप कमी होते. परिचारिकेने दार लावून, शेजारी बसून, मावशीला तिच्याच बोलीत समजावलं. त्यानंतर योनिमार्ग आकसू नये म्हणून घरी करायचा उपाय असतो, तोही परिचारिकेनेच शिकवला. तरुण बायकांची पाळी या उपचाराने जाते, संसाराच्या आयुष्यावर परिणाम होतो. हे नवऱ्याला समोर बसवून सांगितलं पाहिजे.

प्रत्येक शेक बरं करण्यासाठीच असतो असंही नाही. आजार हाडांत पसरला असेल तर दुखणं कमी करायला कधी एकच शेक देतात, आणि त्याने झोपेशिवाय तळमळणारं माणूस पुन्हा झोपू लागतं. आपला उपचार यांपैकी कशासाठी आहे, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

आता पोचण्याचं. आमच्या भागातले रुग्ण कुठे कुठे जातात पाहा. लातूरचं विवेकानंद रुग्णालय डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली सुरू केलं, आता तिथे कर्करोगावरचे उपचार मिळतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडची माणसं जुन्या वाटेने हैदराबादच्या एम. एन. जे. कर्करोग संस्थेत जातात. बरेच जण अजून नंदीग्राम किंवा देवगिरी एक्स्प्रेस पकडून मुंबईला टाटा गाठतात आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळते का पाहतात. पैशाचं ओझं पूर्वीइतकं राहिलेलं नाही. आज जिला महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणतो ती २ जुलै २०१२ला राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. शेक तिच्यात बसतात, आणि दीड लाखाची मर्यादा आता पाच लाखांवर गेली आहे. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरचं तिकीट मोफत असतं, सोबत्यालाही मोठी सवलत असते, एसटीतही सवलत मिळते. पण पाच आठवड्यांची खोली, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, घरी राहिलेली जनावरं, यांसाठी कुठलीच योजना नाही. माझ्या मते शेक अर्ध्यावर सुटतात ते इथे.

जवळची वाट पहिल्यांदा दाखवली ती बार्शीने. लातूरहून मुरूड, येडशी करत बार्शी शंभर किलोमीटरवर. डॉ. भगवान नेने यांनी या तालुक्याच्या गावात नर्गिस दत्त यांच्या नावाने कर्करोग रुग्णालय उभं केलं, तेव्हा अशा गावात कर्करोगाचा उपचार होईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून कुणाला काय झालं ते विचारून लिहीत. मग १९९९पासून आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर मोठा अभ्यास झाला. २००९ साली त्याचा निष्कर्ष जगासमोर आला: एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते. आज जगभर ही तपासणी सुचवली जाते त्यामागे या खेड्यांतल्या बायकांचा वाटा आहे. आणि आपल्या देशात २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तिशी-चाळिशीतल्या शंभर बायकांमागे दोघींचीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कुठलीच तपासणी कधी झालेली नव्हती. मावशीही त्या उरलेल्यांतली. तिची तपासणी दहा वर्षांपूर्वी झाली असती तर कदाचित एका छोट्या उपायावर भागलं असतं. याचा मला राग आहे आणि तो जाऊ नये असं वाटतं.

मावशीचे शेक पुरे झाले. एकही बुडाला नाही. ती गावी आहे, दर तीन महिन्यांनी तपासणीला येते, लघवीचा थोडा त्रास उरला आहे, भाकरी खाते. पाच आठवड्यांत तिच्याजवळ आळीपाळीने आम्ही सगळे राहिलो. एक आठवडा तिची शेजारीण राहिली, जिचं तिच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं.

तुमच्या गावात कुणाला शेक सांगितले असतील तर भेटायला जाताना फळांची पिशवी नेली नाही तरी चालेल. सोमवार ते शुक्रवार सोबतीला कोण आहे, एवढं त्यांना विचारा. कुणी नसेल, तर एक आठवडा तुम्ही जा.